पहिली आवृत्ती, शेवटचे पान गहाळ

भयकादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या जमवणे हा छंद इतर छंदांहून एका बाबतीत वेगळा आहे. नाणी जमवणारा नाणी बघतो, तिकिटे जमवणारा तिकिटे बघतो; पहिल्या आवृत्त्या जमवणारा मात्र पुस्तक हाती लागले की ते उघडायचेच बंद करतो. उघडले की कणा सैल होतो आणि कणा सैल झाला की किंमत उतरते. त्यामुळे पुस्तकातल्या पिशाचाची भीती त्याला जन्मात वाटत नाही. त्याला भीती असते दमट हवेची, कसरीची, पाहुण्यांबरोबर आलेल्या लहान मुलांची आणि ‘वाचून लगेच देतो’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याची. यांतल्या पहिल्या दोहोंवर औषध आहे.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात असे संग्राहक थोडे, पण चिवट. ते बहुधा कारखान्याच्या क्वालिटी विभागात आढळतात. दिवसभर पगार घेऊन दुसऱ्याच्या मालातली खोट काढली, की संध्याकाळी तेच काम स्वखर्चाने करावेसे वाटते. पुण्याच्या संग्राहकापेक्षा त्यांना एकच नैसर्गिक सवलत आहे: इथल्या औद्योगिक वसाहतींची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. पुणेकर संग्राहक रविवारी रद्दीच्या दुकानात पोचतो, तेव्हा तिथे काय नाही हे गुरुवारीच ठरलेले असते.

या साहित्याचा मूळपुरुष म्हणजे होरेस वॉलपोल या इंग्रज सरदारपुत्राची ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’. ती लंडनमध्ये २४ डिसेंबर १७६४ रोजी विक्रीला आली आणि तिच्यावर साल छापले होते १७६५. म्हणजे पहिल्याच भयकादंबरीच्या पहिल्याच आवृत्तीपासून सालाचा घोळ आहे. वॉलपोलचे नाव तर पुस्तकावर नव्हतेच. ओनुफ्रिओ मुराल्टो नावाच्या इटालियन धर्मगुरूने ते लिहिले, विल्यम मार्शल नावाच्या सद्गृहस्थाने त्याचे भाषांतर केले आणि मूळ प्रत १५२९ साली नेपल्सला छापलेली होती, असे त्यात बजावून सांगितले होते. मुराल्टो नव्हता, मार्शल नव्हता आणि नेपल्सची प्रतही नव्हती. पाचशे प्रती खपल्यावर १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत वॉलपोलने सगळे कबूल केले. ज्याला खरे काय ते जाणून घ्यायचे आहे, त्याने दुसरी आवृत्ती घ्यावी हे उघड आहे. संग्राहकाला पहिलीच हवी असते.

कादंबरीची सुरुवात अशी, की ऐन लग्नाच्या दिवशी आभाळातून एक अवाढव्य शिरस्त्राण पडते आणि नवरदेव त्याखाली चिरडून मरतो. हेल्मेट प्राणघातक असते याचा हा अडीचशे वर्षांचा छापील पुरावा हेल्मेटसक्तीच्या एकाही विरोधकाने अजून पुण्यात सादर कसा केला नाही, हे कोडेच आहे.

पुढचा मोठा मान मेरी शेलीच्या ‘फ्रँकेनस्टाइन’चा. १ जानेवारी १८१८, तीन खंड, पाचशे प्रती, लेखिकेचे नाव गायब. त्यातला एक संच सप्टेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीजच्या लिलावात ११ लाख ७० हजार डॉलरना गेला, म्हणजे साडेआठ कोटी रुपयांच्या आसपास. अशी बातमी चाकणच्या कंपनी बसमध्ये मोठ्याने वाचली गेली, की पुढचे संभाषण ठरलेले असते.

‘साडेआठ कोटी? पुस्तकाला?’

‘तीन खंड आहेत.’

‘मग ठीक.’

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ ची. पिवळे कापड, त्यावर लाल अक्षरे, किंमत सहा शिलिंग. तिची प्रत हाती आली की जाणकार आधी शेवटची पाने उलटतात. मागे प्रकाशकाची जाहिरात असेल तर प्रत नंतरची मानतात, नसेल तर आधीची. दिवाळी अंकांवर वाढलेल्या मराठी माणसाला हे पचत नाही. जाहिराती कमी म्हणजे अंक पडला, असा त्याचा अनुभव. खालमानेने सांगायचे तर इंग्रजी पहिल्या आवृत्त्यांशी या पट्ट्यातल्या संग्राहकाचा संबंध लिलावाच्या बातम्यांपुरताच असतो. आकडा वाचायचा, त्यात मोशीत टूबीएचके किती येतील याचा हिशेब करायचा आणि मराठीकडे वळायचे.

मराठीत या घराण्याचा प्रवेश मागच्या दाराने झाला. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हा लंडनमध्ये पेनीला एक भाग या दराने खून, तळघरे आणि बेइमान उमराव विकणारा लेखक. ‘वॅग्नर द वेअर-वुल्फ’ ही लांडगा होणाऱ्या माणसाची कादंबरी त्याने १८४६-४७ मध्ये अशीच भागाभागाने काढली. मायदेशाने त्याला लवकरच अडगळीत टाकले. हिंदुस्थानाने मात्र त्याला घरचे जेवण घातले. गो. ना. दातार यांनी त्याच्या कादंबऱ्यांना मराठी अंगरखे चढवले आणि ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’, ‘बंधुद्वेष’ यांनी दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली. या पुस्तकांच्या जुन्या प्रती आज मिळतात त्या तुकड्यांनी. प्रस्तुत लेखकाच्या ताब्यात दातारांची एक प्रत आहे. तिला शीर्षकपान नाही. त्यामुळे ती पहिली आवृत्ती नाही, असे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.

बाबूराव अर्नाळकरांकडे नवशिक्याने वळू नये. झुंजार, काळापहाड, धनंजय यांच्या रहस्यकथा त्यांनी हजाराहून अधिक लिहिल्या. आठवड्याला एक मिळाली तरी संच पुरा व्हायला वीस वर्षे लागतात आणि आठवड्याला एक मिळत नाही. या वाटेने गेलेले लोक निवृत्तीनंतरही यादी घेऊन हिंडताना दिसतात. त्यांच्याशी बोलताना ‘किती राहिल्या?’ हा प्रश्न टाळावा.

खरी झुंबड असते ती नारायण धारपांच्या (१९२५–२००८) पुस्तकांवर. रसायनांच्या तंत्रविद्येचे शिक्षण घेतलेल्या या लेखकाने मराठी वाड्यांत, बंगल्यांत आणि आडगावच्या घरांत अघोरी शक्तींची सोय लावून दिली आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी ‘समर्थ’ नेमले. स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली त्यांची ‘लुचाई’ घरोघरी दिवा लावून वाचली गेली. तोवर हे सगळे भंगाराच्या भावात मिळत असे. मग २०१८ साली ‘तुंबाड’ आला, त्याच्या मुळाशी धारपांची कथा असल्याचे सगळीकडे छापून आले आणि वजनकाट्यामागे बसलेल्या माणसालाही साहित्याची जाण आली.

‘धारप आहे का, दादा?’

‘भुताचा ना? तो किलोवर नाय. तो वेगळा.’

या वाक्याने संग्राहकाच्या छातीत धस्स होते. ज्या लेखकाला आयुष्यभर समीक्षकांनी वेगळा काढला, त्याला रद्दीवाल्यानेही वेगळा काढावा, यात कोणता न्याय झाला हे त्याला कळत नाही. तो मागितले तेवढे पैसे देतो.

पहिल्या आवृत्त्या दुर्मिळ का, याचे उत्तर वाचनालयांत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर विल्यम लेन नावाच्या हिशेबी माणसाने मिनर्व्हा प्रेस काढला. तो भयकादंबऱ्या छापायचा आणि वर्गणी घेऊन त्या भाड्याने फिरवणाऱ्या वाचनालयांना पुरवायचा. पुस्तक विकत घेऊन जपायचे ही कल्पनाच त्या धंद्यात नव्हती. ते हातोहात फिरून चिंध्या होईपर्यंत वाचायचे, एवढेच. मराठी भयकादंबरीचे प्राक्तन हेच. ती जन्माला येताच वाचनालयात जायची. वाचनालय आधी तिचे चित्र असलेले वेष्टन काढून टाकायचे. मग बाइंडर तिला पुठ्ठ्याची बांधणी करायचा, कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून समास कापायचा, समासाबरोबर कधी ओळीतले शेवटचे अक्षर कापायचा, कण्यावर कापडाची पट्टी आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात क्रमांक टाकायचा. नंतर शिक्का: पहिल्या पानावर एक, शेवटच्या पानावर एक आणि चोराला कळू नये म्हणून मध्येच ठरलेल्या एका पानावर एक. हे ठरलेले पान कोणते, ते चोर सोडून कोणालाच ठाऊक नसायचे.

त्यानंतर वाचकांचा हात लागे. बाराव्या पानावर एखाद्या पात्राच्या नावाखाली रेघ मारून समासात लिहायचे: ‘हाच खुनी आहे.’ त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात: ‘खोटे. पुढे वाचा.’ त्याखाली तिसरा, शाईच्या पेनाने: ‘लेखन भिकार, शेवट बरा.’ आणि शेवट मात्र नसतो, कारण मागचा पुठ्ठा सुटला की पहिले बळी जाते ते शेवटचे पान. निम्म्या महाराष्ट्राने निम्म्या रहस्यकथा अशाच, शेवटावाचून संपवल्या असाव्यात. समाज तरीही चालला आहे.

या सगळ्यातून धडधाकट वाचते ते कोणते पुस्तक? जे कोणी नेले नाही ते. ज्या कादंबरीने रात्री झोप उडवली तिचे तुकडे झाले आणि जी दहाव्या पानावर लोकांना झोपवत होती ती वेष्टनासह, कोऱ्या कडांनिशी आजही उभी आहे. संग्राहक जिच्यासाठी पगाराचा मोठा हिस्सा मोजतो, ती प्रत म्हणजे कोणालाही न घाबरवलेले भूत असते. लोकप्रियतेचा हा उलटा न्याय समजायला काही वर्षे लागतात. तोवर घरात कंटाळवाण्या कादंबऱ्यांचा उत्तम संग्रह झालेला असतो.

आवृत्ती ओळखणे हे वेगळेच शास्त्र आहे. इंग्रज प्रकाशक निदान एका सालाचा घोळ करतो. मराठी प्रकाशक जुन्या पुस्तकांवर शालिवाहन शक छापतो. शकात चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. ही बेरीज घरी सोपी असते. रद्दीवाला समोर उभा राहून चेहरा वाचत असला की ती जमत नाही. त्यातून एखादे पुस्तक प्रकाशक बदलून नव्याने छापले जाते तेव्हा काही वेळा त्यावर पुन्हा ‘पहिली आवृत्ती’ असेच येते, कारण नव्या प्रकाशकाची ती पहिलीच असते. अशा रीतीने एकाच कादंबरीच्या दोन-तीन पहिल्या आवृत्त्या सुखाने नांदतात आणि प्रत्येकीचा मालक इतरांकडे दयेने पाहतो. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा आधार मोठा आहे, तिच्यात १८०० ते १९३७ आणि पुढच्या भागात १९५० पर्यंतची पुस्तके नोंदली आहेत. दातारांना ती उपयोगी पडते. धारपांची भुते बहुतांशी त्यानंतर निघाली, त्यांना सूचीचे रिंगण लागत नाही.

शोधाच्या जागा मोजक्या. मेट्रोमुळे पिंपरीचा माणूस आता बसचे धक्के न खाता पुण्यात उतरतो. १ ऑगस्ट २०२३ पासून सिव्हिल कोर्टापर्यंत आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ, मंडई ओलांडून स्वारगेटपर्यंत. कसबा पेठ स्थानकातून वर आले की अप्पा बळवंत चौक चालत गाठता येतो. पुस्तकांचा एवढा बाजार महाराष्ट्रात दुसरीकडे विरळाच, पण तिथला गिऱ्हाईक परीक्षेला बसलेला असतो.

‘नारायण धारपांचं जुनं काही?’

‘एमपीएससीला आहेत का?’

जवळची खाण होती ती चिखली-कुदळवाडीच्या भंगार गोदामांची. सगळ्या शहराची घरे आवरली, वाडे पडले, आजोबा गेले, की कागद शेवटी तिथे पोचे. तिथला कायदा एकच: गठ्ठा फोडायचा नाही. आतल्या एका पिवळ्या कण्यासाठी चाळीस किलो जुन्या गाइड्स, लग्नपत्रिका आणि कुठल्याशा पतसंस्थेचे अहवाल विकत घ्यायची तयारी असेल त्यानेच तिकडे जावे, असा दंडक होता. तयारी असलेले लोक होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली अतिक्रमणे पाडायला घेतली आणि हजारो शेड भुईसपाट झाल्या. शहर नियोजनाच्या दृष्टीने त्याचे परिणाम काय झाले, ते इतरांनी लिहावे. संग्राहकांमध्ये मात्र ज्याच्या हातून तिथे एखादे पुस्तक निसटले नव्हते, त्याच्याही हातून ते त्या महिन्यात निसटले.

जानेवारी २०१६ मध्ये ८९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीतच भरले होते. ग्रंथप्रदर्शनातून संग्राहक रिकाम्या हाताने परतले. त्यांची तक्रार रास्त होती: सगळी पुस्तके नवी होती.

प्रत मिळाली की तपासणी. इथे कारखान्याची शिस्त कामाला येते. कण्याची जाडी व्हर्नियरने मोजली जाते, पाने मोजली जातात, डागांचा नकाशा काढला जातो आणि शेवटी ओके, रिवर्क किंवा रिजेक्ट असा शेरा पडतो. रिवर्क हा शेरा पुस्तकांच्या बाबतीत शिवीसमान आहे. पूर्वीच्या मालकाने प्रेमाने फाटके पान सेलोटेपने जोडलेले असते. ती टेप पिवळी पडून अक्षरांसकट उचलून येते. काही जण ‘पाच वेळा का विचारा’ ही कार्यपद्धतीही पुस्तकांना लावतात. भोक का? कीड लागली. कीड का? कण्यात खळ आहे. खळ का? बाइंडरने लावली. बाइंडरकडे का गेले? लोक फार वाचत होते. मग ही प्रत विकत का घेतली? इथे पद्धत संपते.

साठवणीसाठी या पट्ट्यात असलेली सोय लंडनच्या संग्राहकालाही हेवा वाटावा अशी आहे. सुट्या भागांच्या खोक्यांतून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवल्या की दमटपणा आटोक्यात राहतो. गंज लागू नये म्हणून बेअरिंगभोवती गुंडाळायचा कागद कादंबरीभोवती गुंडाळणारेही आहेत. त्याने कादंबरीला गंज चढत नाही, हे खरे. पुड्या घरी नेताना कंपनीच्या गेटवर मात्र खुलासा करावा लागतो.

‘पिशवीत काय?’

‘सिलिका जेलच्या टाकाऊ पुड्या. पुस्तकांत ठेवायला.’

‘कसली पुस्तकं?’

‘भुताची.’

‘मग गेटपास लागेल साहेब. भुताला पण लागेल.’

घरात संग्रहाचे स्थान नाजूक असते. पेशंट, परीक्षा किंवा पाळणा यांपैकी काहीही घरात असले, की भुताची एवढी पुस्तके घरात बरी नाहीत, असे ज्येष्ठांचे मत पडते. तडजोड म्हणून कपाटाला लिंबू, मिरच्या आणि बिब्बा टांगला जातो. लिंबाचा रस ठिबकला तर कागद खराब होतो, पण खरा शत्रू बिब्बा. त्याचा डाग जात नाही. धोबी कपड्यांवर खुणा करायला तोच वापरत. भूतबाधेपासून केलेल्या या संरक्षणात किती वेष्टने कायमची खुणावली गेली, याची नोंद कुठल्याही ग्रंथसूचीत मिळणार नाही.

शेवटचा प्रश्न, संग्राहकाच्या पश्चात काय. इंग्लंडमध्ये मायकेल सॅडलियर हा या छंदाचा बादशहा होता. जेन ऑस्टेनने ‘नॉर्थँगर ॲबी’त सात भयंकर कादंबऱ्यांची नावे दिली आहेत, ती तिने थट्टेने रचली असावीत असे लोक बरीच वर्षे धरून चालले होते. सॅडलियरसारख्यांनी ती सातही पुस्तके खरोखर छापली गेली होती, हे दाखवून दिले. त्याचा भयकादंबऱ्यांचा संग्रह पुढे रॉबर्ट ब्लॅक या अमेरिकनाने घेतला आणि १९४२ साली व्हर्जिनिया विद्यापीठाला दिला. तिथे तो दोघांच्या नावाने सांभाळला जातो. आपल्याकडे संग्राहकाचा मुलगा वडिलांची पुस्तके घेऊन वाचनालयात जातो, तेव्हा विचारणा होते: ‘कपाटासह देणार का?’ कपाट लोखंडी असेल तर काम होते. त्यानंतर पुस्तकांवर शिक्के पडतात, वेष्टने काढली जातात आणि बाइंडरला निरोप जातो.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर दातार, अर्नाळकर किंवा धारप असतील, त्यांनी एवढे करावे: फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, वेष्टन जुने झाले म्हणून फेकू नये, आणि प्रत कोणाला दिलीच तर पहिल्या पानावर बॉलपेनने ‘सप्रेम भेट’ लिहू नये. लिहायचेच असेल तर पेन्सिलने लिहावे.